साठ पावलांवर

आयडाहोच्या डोंगरात तंबूपुढे बसून, दुपारचं सूप भुरकत, सगळे आपापल्या हुकलेल्या शिकारीच्या गोष्टी सांगत होते. वर्ननची गोष्ट तर सर्वांना पाठच होती. अकरा वर्षं तो पुढे धनुष्य ताणून बसे, मागच्या झाडीतून त्याचा दोस्त लाईल शिट्टीने मादीचा आवाज काढी, आणि येता येता घोड्याएवढा एल्क हरणाचा नर साठ पावलांवर, बाणाच्या टप्प्याबाहेरच, थबकून माघारी वळे. आज सकाळीही तेच झालं. त्यात आता वर्ननच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर पुन्हा धनुष्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"तुझ्या घामाचा वास लागत असेल लेका," लाईल म्हणाला. सगळे खो खो हसले.

"पण नर निघाला की बाबा शिट्टी बंद करतात ना, वर्नकाका?" यंदा पहिल्यांदाच आलेली लाईलची लेक टेसा म्हणाली. "मला पहिला धडा तोच दिला. पुन्हा वाजवली, तर तो आवाजाच्या जागी बघतो, मादी दिसत नाही, की फिरतो मागे."

वर्ननला सकाळची, नर निघाल्यावर वाजलेली ती शेवटची शिट्टी आठवली. मग दरवर्षीची.

"लाईल?"

"तूच म्हणायचास, एक नर मिळाला की धनुष्य खुंटीला. मग मी कोणाबरोबर यायचं होतं?"

"अरे, पण माझं हे शेवटचंच वर्ष! निदान आज तरी..."

"आज मिळाला असता, तर दुपारीच घरी निघाला असतास," लाईल खाली बघत म्हणाला. "हंगामाचे अजून दोन दिवस आहेत."