शंभर टक्क्यांचा फ्लेक्स

हेडमास्तर व्यंकटरमण यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आधी वर्गशिक्षकांची सही. मग बाकीच्यांच्या."

दहावी 'ब'ची वर्गशिक्षिका शांभवी. विषय गणित. तिनं कागद वाचला. हरिणीचा शाळा सोडल्याचा दाखला. कारणाच्या रकान्यात आधीच टाईप केलेलं होतं: पालकांच्या इच्छेवरून.

पालक म्हणजे हरिणीची आई. तंजावूरच्या फुलबाजारात अबोलीचे गजरे बांधते. तिला परवा बोलावून, खुर्चीवर बसवून, गोडगोड बोलून सही घेतली होती. इच्छा कोणाची होती ते साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. शाळेचे मालक, ज्यांना सगळे करस्पाँडंट सार म्हणत, त्यांना दहावीचा निकाल शंभर टक्के हवा होता. पस्तिसाच्या आत राहणारी एक पोर वजा केली की झाले शंभर. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आज सहाच्या आत पाठवायची होती.

शांभवीला हे गणित कधी पटलं नव्हतं. तरी गेल्या वर्षी अशाच एका मुलीच्या दाखल्यावर तिनं निमूट सही केली होती. ती मुलगी, भुवना, आता जुन्या बसस्टँडजवळ कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालते. शांभवी त्या दुकानावरून जात नाही. भर उन्हात मोठा वळसा घेते.

"सर, जूनमध्ये तिला गणितात नऊ मार्क होते. आता अठ्ठावीस आहेत."

"अठ्ठाविसाला कोणी पास करत नाही, टीचर."

"सई नक्को करूंस, शांभवी," पी.टी.चे बाळकृष्णराव हळूच मराठीत म्हणाले. शाळेत मराठी घरची ही दोघंच. कोणाला कळू नये असं काही असलं की दोघं मराठीत शिरत.

"मी एकटीनं नाहीं म्हटलें तर मलाही काढतील, मामा, आणि तिलाही."

"एकटीनं कशाला?"

हे तमिळमध्ये आलं. तमिळ शिकवणारी अलमेलु वह्या तपासत होती, तिनं मान वर केली नाही. पंधरा वर्षं एकाच टेबलावर डबे उघडल्यावर मराठी मुंगीलाही कळेल. बाळकृष्णरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अलमेलुच्या सांबाराबद्दल पंधरा वर्षांत आपण काय काय बोललो ते त्यांना एकदम आठवलं असावं.

"मग पोरगी नापास झाली तर जबाबदार कोण?" व्यंकटरमणांचा आवाज चढला. "वर दाखवायला मला एक नाव हवं. लिहून द्या."

शांभवीनं दाखला उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहिलं. राग होताच, आणि गेल्या वर्षीची लाजही होती.

बाळकृष्णरावांनी पेन ओढून घेतलं.

"तुमचा काय संबंध?" हेडमास्तर म्हणाले.

"सकाळी सहाला मैदानावर येते ती. धावता धावता पाढे म्हणवून घेईन."

"तमिळमध्ये ती पासच आहे," अलमेलु म्हणाली. "माझा रोजचा दुसरा तास गणिताला घ्या." आणि तिनं ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. सायन्सच्या सरोजानं आपली जेवणाची सुट्टी हरिणीच्या शिकवणीला दिली आणि नाव लिहिलं. प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या मंगलानं विचारलं, आमच्यासारख्यांनी लिहिलं तर चालतं का, आणि उत्तराची वाट न पाहता लिहिलं. कागद टेबलाला फेरी घालून हेडमास्तरांपुढे आला तेव्हा त्यावर अकरा नावं होती.

"मी एकच मागितलं होतं."

"शाळेचं नाव लिहू का, सर?" अलमेलुनं विचारलं. "ते एकच आहे."

व्यंकटरमणांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "यादीत ठेवतो तिला," ते म्हणाले. "पण करस्पाँडंट सार पाचला येतायत. त्यांना मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा."

बाहेर हरिणी दप्तर पोटाशी धरून पायरीवर बसली होती. दाखला घेऊन जायचं असं तिला सांगितलेलं होतं.

"वही काढ," शांभवी म्हणाली.

साडेचारनंतर वर्गांना कुलूप, हा मालकांचा हुकूम. राहता राहिली कडुनिंबाची सावली, पण तिथं लाल मुंग्या. बाळकृष्णराव फाटकाकडे गेले, खिशातून चाकू काढला आणि गेल्या वर्षीच्या निकालाचा फ्लेक्स दोऱ्या कापून खाली घेतला. झाडाखाली आणून अंथरला. शंभर टक्के, भलेमोठे लाल आकडे, आणि एका कोपऱ्यात हात जोडलेले करस्पाँडंट.

हरिणी कडेलाच थांबली. "टीचर, यावर सारांचा फोटो आहे."

"तो कोपऱ्यात आहे. तू शंभरावर बस."

ती चपला काढून अंग चोरून बसली. शांभवी तिच्यासमोर बसली. तिसऱ्या गणिताला पोहोचतात तोच फाटकातून करस्पाँडंट सारांची पांढरी गाडी आत आली आणि झाडापाशी येऊन थांबली. ती सावली रोज त्या गाडीची असे. हॉर्न वाजला.

मागे स्टाफरूमचं दार उघडलं. अलमेलु आली, तिनं चपला काढल्या आणि फ्लेक्सवर बसली. मग सरोजा. मग मंगला. बाळकृष्णराव गुडघे धरत, कण्हत बसले. कडेला चपलांची रांग वाढत गेली.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. हरिणी घाबरून उठू लागली.

"बस खाली," शांभवी म्हणाली. "अजून उत्तर आलेलं नाही."