पंचफुलाचा होकार

रिठदची रूपा नर्स होती. पावसाळ्यात तापाची साथ आली की हैदराबादचा एक दवाखाना चार महिन्यांसाठी बाहेरून नर्स बोलवायचा. ते काम तिनं धरलं. जमलं तर तिकडेच राहायचं आणि आईलाही घेऊन जायचं, असं तिच्या मनात होतं.

पण आई, पंचफुला, ऐकायलाच तयार नव्हती. "तुह्या बापानं बांधलेलं घर सोडून मी कायले येऊ परमुलखात?"

रूपा रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची. सुरुवातीला आई भांडायची. पुढे पुढे प्रत्येक गोष्टीला नुसतं "हो, हो" म्हणू लागली. रूपाला वाटलं, राग निवत चालला आहे.

नोकरी पक्की झाली. खोली ठरवून रूपा आईला न्यायला गावी आली, तर पंचफुला धुतलेलं लुगडं नेसून, कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. रूपाला भरून आलं. शेजारी बसून तिनं आईचा हात हातात घेतला आणि सवयीनं नाडी पाहिली.

"आई, निघाचं ना मंग?"

"हो, निघाचं," पंचफुला हसून म्हणाली.

 

"पन थोडं थांबा, सिस्टर. मले न्यायले माही रूपा येनार हाय. लय दिवस नाही म्हनलं मी तिले."