छेद सारखे करून भांडा

जळकी कढई. सोफ्याखाली ओला मोजा. फ्रीजवर झोपलेलं मांजर.

जेवायला एकही स्वच्छ ताट नव्हतं आणि भांडी कोण घासणार यावरून घरात जुंपली होती.

"घरातलं अर्धं काम मीच उपसतो," बाबा गरजले.

"एक तृतीयांश माझ्या बोकांडी," ताई म्हणाली.

"पाव तरी मी करतोच की!" दादा उसळला.

आजोबा गणिताचे निवृत्त मास्तर. "छेद सारखे केल्याशिवाय भांडू नका रे! छेद बारा. अंश सहा, चार, तीन. बेरीज तेरा छेद बारा!"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं काम होऊन वर थोडं जास्तच झालंय."

मग चौघेही समाधानाने पातेल्यांच्या झाकणांत जेवले.



आई सोमवारपासून मावशीकडे आहे.