अंगणातला माड

सातासमुद्रापार, राकिराकीतली जी जमीन हिंदुस्थानी वंशाचा बिसेसर जन्मभर कसत आला, तिचा पट्टा संपला आणि ती मूळ मालकांकडे, अपिसाईच्या भावकीकडे परत गेली. बिसेसरनं घराचे पत्रे उतरवले, मग कुऱ्हाड घेऊन आपल्या हातानं लावलेले आंबे-फणस आडवे केले. अपिसाई बांधावरून बघत होता. कुऱ्हाड अंगणातल्या माडाकडे वळली तसा तो गरजला, "त्याला हात लावायचा नाही!"

"का? तुझ्या बापाचा आहे?"

"माझ्या आईचा. तू जन्मलास तेव्हा तुझी नाळ पुरून तिनं त्यावर हा माड लावला, आमच्या रीतीनं. मग हिंदुस्थान्याचं पोरही या मातीचं होतं."

"आणि तूच मला हाकलतोस?"

"माड राहू दे म्हणतोय ना!"

बिसेसरनं पहिलाच घाव मुळावर घातला.