जर्मन मशीन आणि निपाणीचं व्होल्टेज

“हे मानेसाठी न्हाय आणि गुडघ्यासाठी बी न्हाय,” असं म्हणत अंबुबाईनं मखमली पेटीचं झाकण उघडलं. “तू डॉक्टर हायस. तूच काय ते समजून घे.”

सुलाबाईंनी चष्मा वर सारला. पेटीत मुठीत मावेल असं एक हस्तिदंती रंगाचं यंत्र होतं. टोकाला मऊ रबराची टोपी, बाजूला पाच वेगांचं बटण, वर तांबडा दिवा, मागं प्लगची वायर. निपाणीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं सुलाबाईंच्याच दवाखान्यात झालेली, त्यांना समजायला वेळ लागला नाही. पुस्तकात जिला शिश्निका म्हणतात, बाईच्या अंगातला केवळ सुखासाठी असलेला तो इवलासा भाग, त्याच्यासाठी जर्मनांनी एवढी बुद्धी खर्च केली होती.

“लई महाग असंल की गं.”

“तिकडं चांगल्या घरातल्या बायका वापरतात. वापर आणि मत दे. आपल्याकडच्या बायकांना चालंल का, तेवढं सांग.”

अंबुबाईनं हे असं ऐटीत सांगितलं की कुणालाही वाटावं, या बाईची अशी दोन-चार यंत्रं वापरून झिजली असतील. खरी गोष्ट वेगळी होती. जर्मनीतल्या इस्पितळात ती नर्स होती. बरोबरीच्या नर्सनं दुकानात ओढून नेलं, तेव्हा लाजेनं कान तापलेल्या अवस्थेत तिनं ही पेटी घेतली आणि ट्रंकेत लोकरीच्या मोज्यांखाली दडवली. मधूनमधून ती झाकण उघडायची, यंत्राकडं बघायची आणि झाकण लावायची. दांडग्या जर्मन पुरुषांना आडवं पाडून इंजेक्शन टोचणारी बाई त्या पाच वेगांच्या बटणाला भीत होती. आता सुटीवर येताना तिला नामी युक्ती सुचली. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीनं आधी वापरावं, काही होत नाही म्हणावं, मग आपण. याला तिनं ‘वैद्यकीय मत’ असं भारदस्त नाव दिलं होतं.

नवऱ्याला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रवळूचं बेळगावात पंपांच्या जळलेल्या मोटरी नवी तार गुंडाळून बांधून द्यायचं दुकान होतं. माणूस गुणी, अबोल. अंथरुणात त्याचं सगळं झटक्यात उरकायचं आणि तो समाधानानं कुशीवर वळायचा. आपणही समाधानी आहोत असं त्याला वाटू देणं, हाच आपला संसार, असं अंबुबाईनं लग्नापासून धरून ठेवलं होतं.

सुटी संपत आली तेव्हा ती पुन्हा निपाणीला गेली. दार भीमसेननं उघडलं. सुलाबाईंचा हा नवरा बँकेत मोठा साहेब. घरात पाण्याचा पेला स्वतः न उचलणारा. आज तोच म्हणाला, “बसा आक्का, च्या टाकतो,” आणि काहीतरी गुणगुणत आत गेला. सुलाबाईंनी केसांत अबोलीचा गजरा माळला होता. अंबुबाईची छाती अभिमानानं भरून आली.

“बघ! म्हटलं न्हवतं?” ती कुजबुजली. “पुढच्या खेपेला आणखी आणते. बोरगावच्या वहिनीला एक, काकतीच्या मावशीला एक. तुला कुठला वेग आवडला?”

“दुसरा.”

“तिसरा?”

“तिसऱ्याला गेलेच न्हाय. दुसऱ्यावर होते तवाच निपाणीचं व्होल्टेज वाढलं. भप्पकन धूर! जळलं तुझं मशीन, पहिल्याच दिवशी.”

अंबुबाईनं गजऱ्याकडं बोट केलं. “मग हा गजरा? ही च्या?”

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “रविवारची दुपार. धूर बघून हे पळत आले. मशीन माझ्या हातात. लपवू कुठं? सगळं सांगावं लागलं. रागावतील वाटलं. खाली बसले गं. म्हणाले, मला कधी बोलली का न्हाईस? म्हटलं, तुम्ही कधी विचारलं? मग विचारत बसले. कुठं, कसं, किती हळू. बायकांना शिकवत फिरते मी, अंबे, आणि स्वतःच्या घरात पहिल्यांदाच तोंड उघडलं.”

“आणि मशीन?”

“मशीन झकास. पण त्याला काय सांगावं लागत न्हाय, तेच त्याचं वाईट.” मग त्यांनी भीमसेननं आणून ठेवलेला कप अंबुबाईपुढं सरकवला. “तुला आवडलं व्हतं का गं?”

अंबुबाईनं चहाच्या कपात बघितलं. “मी लावलंच न्हाय कधी,” ती म्हणाली. असलं हसं तिचं जर्मन भाषा बोलतानाही कधी झालं नव्हतं.

जळकं यंत्र पेटीत घालून ती बेळगावला उतरली आणि थेट दुकानात गेली. तिच्या काखेतली पेटी रवळूनं सवयीनं उघडली. यंत्र हातात फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि त्याचा चेहरा खुलला.

“नुसती मोटर जळलीय. सांजच्या आत बांधून देतो. पण अगं, असतं कशाचं हे?”

मानेचं, गुडघ्याचं, गालांच्या मालिशचं. उत्तरं तोंडावर तयार होती. कस्टमच्या साहेबाला तिनं त्यातलंच एक ऐकवलं होतं. रवळू यंत्राच्या बुडाचा स्क्रू शोधत होता.

अंबुबाईनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

“सांगते,” ती म्हणाली. “पण आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. मोटर बांधायची न्हाय.”