ओआई

ओआईच्या देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशींना नवं माणूस हमखास विचारी, "हे कसलं हो नाव?"

मावशी कौतुकानं सांगत, "एका आईची लेक हरवली होती. हाका मारमारून तिचा घसा सुकला, तेव्हा या दगडातून आवाज आला, 'ओ, आई!' जग हिला आई म्हणतं, पण ही मुळात लेक आहे बरं!"

मावशींना मूलबाळ नव्हतं. आता गुडघे साथ देईनात, म्हणून त्या भावाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी मूर्तीला अंघोळ घातली, तोंड पुसलं आणि गहिवरून म्हणाल्या, "बाळे, येऊ ना मी?"

"ओ, आई."

आवाज लहान पोरीचा होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या. देवळात तर चिटपाखरूही नव्हतं.

"मावशी, चला!" बाहेरून रिक्षावाला ओरडला.

त्या लगबगीनं उंबऱ्याशी आल्या, पण पदर मागेच अडकला. खिळा असेल म्हणून त्यांनी न वळताच चाचपलं. हाताला एक इवलीशी, ओली मूठ लागली.

"तू जा रे," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या.