खंडेनवमीचा फोटो

"हा फोटो ओळखता?" अझीमच्या वकील अक्षता ओव्हाळ यांनी विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या शिळीमकरांनी चष्मा वर सरकवला. ओळखायचं काय त्यात? खंडेनवमीचा फोटो. विश्रांतवाडीच्या शेडमधलं पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढायचं मोठं प्रेस, त्याला झेंडूचा हार, खाली विडा आणि फोडलेला नारळ. एका बाजूला मालक इंद्रजीतशेठ नव्या सदऱ्यात, दुसऱ्या बाजूला ते स्वतः, हात जोडून.

"ओळखतो. आमचं प्रेस आहे."

"कोर्टात हा कोणी दिलाय?"

"आमच्याच शेठनी."

"हो, मशीनची किती काळजी घेतात ते दाखवायला. झेंडूच्या बाबतीत तरी हात आखडता घेतलेला दिसत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीश मॅडमनी मान वर केली आणि हसू जागीच विरलं.

त्याच बाकाच्या कडेला अझीम बसला होता, उजवा हात खिशात घालून. प्रेसखाली त्या हाताची दोन बोटं गेल्यापासून चारचौघांत तो असाच बसायचा. शेठचं म्हणणं, प्रेसच्या तोंडावरची लोखंडी जाळी त्याने स्वतःच्या सोयीसाठी स्वतःच काढली. हे कोर्टाला पटलं की भरपाईचा प्रश्नच मिटत होता. आणि पटवायला माणूस एकच, शेडचे सुपरवायझर शिळीमकर. प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही केव्हाच झाली होती. "मामा, तेवढं एक वाक्य सांभाळा, बाकी आपले वकील बघतील," शेठ सकाळी गाडीत म्हणाले होते. गाडीत त्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"अझीम कामाला कधी लागला?"

"त्याच वर्षी. दिवाळी झाल्यावर."

"म्हणजे या फोटोनंतर."

"होय."

"मग मला एवढंच सांगा. या हाराखाली जाळी आहे का?"

शेठचे वकील ताडकन उठले. "मॅडम, फोटोत जे दिसतच नाही, ते साक्षीदाराने कसं सांगायचं?"

"साक्षीदार फोटोतच उभा आहे, वकीलसाहेब," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. "बसा. हं, शिळीमकर, उत्तर द्या."

शिळीमकरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. हार चांगला दाट होता. पहाटे मंडईत जाऊन त्यांनीच निवडून आणलेला. मागे जाळी असती तरी दिसली नसती आणि नसली तरी कोणाला कळलं नसतं. 'आहे' म्हटलं की संपलं. त्यांना खोटं पाडू शकेल असं या खोलीत कोणी नव्हतं. शेठ रुमालाने मोबाईलची काच पुसत होते. अझीम वर पंख्याकडे बघत होता. पहिल्या दिवशी या पोराचं मनगट धरून शिळीमकरांनीच त्याला शिकवलं होतं, पत्रा असा सरकवायचा, हात असा मागे घ्यायचा.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"जाळी नाही, मॅडम. हार नीट बसेना. जाळीवरून सारखा घसरून एका बाजूला यायचा. म्हणून मी चार बोल्ट काढले आणि ती भिंतीला टेकवून ठेवली."

शेठच्या हातातला रुमाल थांबला. त्यांच्या वकिलांनी फाईलचं पान उलटलं, मग परत मागे उलटलं.

"पुन्हा कधी बसवलीत?"

"दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्यानंतर गिऱ्हाइकाचा माल अडलेला. आणि खरं सांगू का, जाळी नसली की हात भराभर चालतो. सगळ्यांनाच बरं वाटायला लागलं. मग ती तशीच राहिली."

"शेठना माहीत होतं?"

शिळीमकरांनी एकदा शेठकडे पाहिलं. "शेड केवढीशी आहे, मॅडम. रोज येतात ते."

"आणि अझीमने काढली, हे जे तुमच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय?"

"त्याने ती जाळी कधी बघितलेलीच नाही."

अझीमची नजर पंख्यावरून खाली आली. वकीलबाईंनी कागद गोळा केले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणून त्या खाली बसल्या.

न्यायाधीश मॅडमनी शेवटचं उत्तर हलक्या आवाजात टायपिस्टबाईंना सांगितलं. ते पडद्यावर उमटेपर्यंत थांबल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी शिळीमकरांकडे पाहिलं.

"तुम्ही सुपरवायझर. एकतीस वर्षं मशीनवर काढलीत. अशा उघड्या प्रेससमोर रोज माणूस उभा करताना कधी भीती नाही वाटली?"

शिळीमकरांनी पिंजऱ्याचा लाकडी कठडा धरला.

"रोज सकाळी उदबत्ती लावायचो, मॅडम," ते म्हणाले. "वाटायचं, तेवढं पुरे."

टायपिस्टबाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. "हेही घ्यायचं का?" त्यांनी विचारलं.